काउंटी तुरुंगांतील शिक्षण आणि कल्याण : पैसा कुणाच्या खिशातून यावा?

सुमेधा (धागाकर्ती)

गेली सहा वर्षे मी कॅलिफोर्नियातील एका काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) तुरुंगात आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवते. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांकडून हायस्कूल समकक्षतेच्या परीक्षेची तयारी करून घेणे हे आमच्या वर्गाचे काम आहे. गेल्या महिन्यात दोन संध्याकाळींची एक झाली, आणि ‘कल्याण निधीत यंदा जमा कमी आहे’ असे त्याचे कारण सांगण्यात आले. हा निधी सरकारी अनुदानातून येत असावा अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. चौकशी केल्यावर कळले की तो माझ्याच विद्यार्थ्यांच्या आया, बायका आणि बहिणी भरत आल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण या काउंट्यांमध्ये मालमत्ता कर भरतात, मतदान करतात आणि शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, निवडून देतात, म्हणून हा विषय येथे मांडते आहे.

आपण मराठीत सरसकट ‘तुरुंग’ म्हणतो, पण अमेरिकेत दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. राज्याच्या तुरुंगात मोठी शिक्षा झालेले लोक असतात. काउंटीचा तुरुंग शेरीफच्या ताब्यात असतो, आणि तेथे नुकतीच अटक झालेले, खटल्याची वाट पाहणारे आणि सहसा वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे लोक असतात. देशात असे सुमारे ३,००० स्थानिक तुरुंग आहेत. २०२३ च्या मध्यावर कोणत्याही एका दिवशी त्यांत साडेसहा लाखांहून अधिक माणसे होती, आणि वर्षभरात सत्तर लाखांहून अधिक वेळा कुणी ना कुणी त्यांच्या दारातून आत गेले. आत असलेल्यांपैकी साधारण सत्तर टक्के लोकांवरचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. आपल्याकडच्या भाषेत ते कच्चे कैदी. त्यांतले कित्येक जण केवळ जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत असतात.

कॅलिफोर्नियात २०११ पासून यात एक मोठा बदल झाला. राज्याच्या तुरुंगांतील गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी कायम केला, आणि १ ऑक्टोबर २०११ पासून बिगरहिंसक, कमी गंभीर गुन्ह्यांची शिक्षा काउंटीच्या तुरुंगातच भोगण्याची तरतूद लागू झाली. ज्या इमारती काही आठवड्यांच्या मुक्कामासाठी बांधल्या होत्या, त्यांत माणसे दोन-दोन, तीन-तीन वर्षे राहू लागली. त्यांना वर्ग, वाचनालय, व्यसनमुक्तीचे समुपदेशन आणि कामाचे प्रशिक्षण यांची गरज वाढली, पण या सगळ्याचा पैसा मात्र जुन्याच मार्गाने येत राहिला.

तो मार्ग असा. राज्याच्या दंडसंहितेतील कलम ४०२५ नुसार शेरीफला तुरुंगात कँटीन चालवता येते, आणि त्याचा नफा बंदी कल्याण निधीत जमा होतो. बंदिवानांनी वापरलेल्या फोनवर कंपनीकडून मिळणारे कमिशनही त्याच निधीत जाते. म्हणजे आई मुलाशी बोलते, त्या बोलण्याच्या दरात कमिशन मिसळलेले असते. ती त्याच्या खात्यात पैसे टाकते, तो त्यातून साबण आणि नूडल्स घेतो, त्या किमतीतही नफा मिसळलेला असतो. या दोन्हींतून वर्ग चालतो.

अलीकडे फोनचे दर कमी झाले. राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने २०२१ मध्ये राज्यांतर्गत कॉलवर मिनिटाला ७ सेंटची मर्यादा घातली, आणि ती घालायलाच हवी होती. पण दर उतरले तशी कमिशनची जमा आटली, आणि जमा आटली तसा आमचा वर्ग निम्मा झाला. घरच्यांवरचा भार हलका केला की मुलाचा वर्ग बंद पडतो, अशी ही बांधणी आहे. मला ही बांधणीच चुकीची वाटते. शिक्षणाचा खर्च काउंटीने आपल्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे करांच्या पैशातून, करावा असे माझे मत आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

श्रीरंग_जोग

सुमेधाताई, मी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हिशेबतपासणीचे काम केलेले आहे, त्यामुळे या निधीच्या कागदाविषयी लिहितो. ज्या शब्दांवर ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालत आली, त्यांनुसार निधी ‘मुख्यत्वे’ बंदिवानांचा लाभ, शिक्षण आणि कल्याण यांसाठी खर्च करायचा असतो, आणि या कामासाठी जो पैसा लागणार नाही असे शेरीफला वाटते, तो तुरुंगाच्या देखभालीवर खर्च करता येतो. ‘मुख्यत्वे’ हा शब्द हिशेबाच्या दृष्टीने फार सैल आहे. गरज किती हे ठरवणारा आणि उरले किती हे ठरवणारा अधिकारी एकच असेल, तर उरणे न उरणे त्याच्याच हाती राहते.

जेवण, कपडे, निवास आणि वैद्यकीय उपचार हा काउंटीचा बंधनकारक खर्च या निधीतून करता येत नाही, हे कलमात स्पष्ट आहे. मात्र बंदिवानांच्या हिताचे आहे असे शेरीफने ठरवल्यास त्या खर्चात भर घालता येते. कार्यक्रम चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार आणि भत्तेही निधीतून देता येतात, आणि त्या यादीत शिक्षण, व्यसनमुक्ती, वाचनालय यांच्या बरोबरीने हिशेबलेखनही आहे. म्हणजे कँटीनचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाचा पगार कँटीनच्या नफ्यातून गेला तरी तो नियमाला धरूनच असतो.

म्हणून कुठल्याही काउंटीचा अहवाल हातात आला की एकूण रकमेकडे न पाहता मी आधी पगाराची ओळ पाहीन, मग वर्षअखेरीची शिल्लक पाहीन. शिल्लक वाढत असताना ‘जमा कमी आहे’ म्हणून वर्ग कमी केला असेल, तर खरे कारण जमेत नाही. शिल्लक खरोखरच घटत असेल, तर तुमचा मुद्दा अधिक भक्कम होतो. शेरीफने या खर्चाचा बाबवार अहवाल दरवर्षी काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाला (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळाला) देणे कलमानुसार बंधनकारक आहे. तो मागितल्याशिवाय पुढची चर्चा अंदाजावर चालेल.

माधव_फ्रेमाँट

सुमेधाताईंच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही, आणि ते का पटत नाही हे स्वच्छ सांगतो.

माझ्या मुलांच्या सरकारी शाळेत संगीताच्या वर्गासाठी पालकांकडून वर्गणी गोळा करावी लागते. सर्वसाधारण निधी नावाची विहीर अमर्याद नाही. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ नंतर, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या त्या कायद्यानंतर, मालमत्ता कर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवताच येत नाही. त्याच पैशातून रुग्णालय, ग्रंथालय, बालकल्याण आणि अग्निशमन चालते. ज्याने कुणाचे नुकसान केले त्याच्या शिक्षणाचा खर्च, ज्याचे नुकसान झाले त्याने करातून द्यावा, हे मी त्या नुकसान झालेल्या माणसाला कसे समजावून सांगू? गेल्या वर्षी आमच्याकडे घरफोडी झाली होती, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. कल्याण निधी सदोष असेल, पण तो राखीव आहे, त्याला कायद्याचे कुंपण आहे. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारण निधीत टाकला, तर पहिल्या आर्थिक मंदीत पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडेल, कारण तुरुंगातील वर्गासाठी मोर्चा काढणारे मतदार नसतात. कुंपण तोडण्याआधी पलीकडे काय आहे ते पाहावे.

सुमेधा (धागाकर्ती)

माधवराव, तुमच्या घरफोडीबद्दल वाचून वाईट वाटले. तुम्ही मुद्दे सरळ मांडलेत, म्हणून मीही सरळ उत्तर देते.

पहिली गोष्ट, काउंटीच्या तुरुंगात ‘ज्याने नुकसान केले तो’ कोण हे बहुतेकांच्या बाबतीत अजून ठरलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच म्हटले आहे की खटल्यापूर्वी अटकेत असलेल्या माणसाला शिक्षा म्हणून कोणतीही वागणूक देता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की केवळ ऐपत नाही म्हणून कुणाला जामिनाअभावी डांबून ठेवता येणार नाही, पण हा निर्णय होऊनही जामीन न परवडल्यामुळे आत असलेली माणसे माझ्या वर्गात येतातच. जामीन भरायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांच्याच कुटुंबांकडून आपण वर्गाचा पैसा घेतो. करदात्याने द्यावा की कुटुंबाने, असा प्रश्न असेल तर त्या कुटुंबातली माणसेही करदातीच आहेत. ती तोच खर्च दुसऱ्यांदा उचलतात.

दुसरे, खर्चाचे. रँड या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये तुरुंगातील शिक्षणावरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. शिक्षण घेतलेले लोक पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता, न घेतलेल्यांच्या तुलनेत, त्यांच्या मापनानुसार ४३ टक्क्यांनी कमी निघाली, आणि शिक्षणावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत पुन्हा तुरुंगवासावर होणारे ४ ते ५ डॉलर वाचतात असा त्यांचा हिशेब आहे. यात दोन मर्यादा आहेत, त्या लपवण्याचे कारण नाही. हे अभ्यास प्रामुख्याने राज्यांच्या तुरुंगांतील आहेत, आणि जो स्वतःहून वर्गात येतो तो आधीच थोडा वेगळा असतो. तरीही पुढची घरफोडी टाळण्याच्या दृष्टीने पाहिले, तर हा खर्च तुमच्याही बाजूचाच आहे असे मला वाटते.

मुक्काम कमी असतो, महिनाभरात काय शिकवणार, असे मला नेहमी विचारतात. देशभराची सरासरी खरोखरच महिन्याच्या आसपास आहे. पण त्या सरासरीत दोन रात्री राहून जाणारेही आहेत आणि दीड वर्ष खटल्याची वाट पाहणारेही आहेत. माझ्या वर्गात दुसऱ्या प्रकारचे लोक येतात. शिवाय जीईडी या हायस्कूल समकक्षतेच्या परीक्षेचे चार विषय वेगवेगळे देता येतात. भाषा, गणित, समाजशास्त्र आणि विज्ञान यांपैकी एक विषय येथे सुटला तर उरलेले तीन बाहेर जाऊन प्रौढ शाळेत देता येतात. चाळिशीतल्या एका माणसाने सहा आठवड्यांत अपूर्णांक शिकून घेतले. तिसरीत त्याला ते कळले नव्हते, आणि तेव्हापासून त्याने गणिताचे पुस्तक उघडले नव्हते. त्याला मी पहिल्या दिवशी पोळीचे तुकडे करावेत तसे कागद कापून दाखवले होते. मागच्या आठवड्यात तो शेजारच्या विद्यार्थ्याला तसेच कागद कापून दाखवत होता.

तुमचा कुंपणाचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर मला अजून विचार करायचा आहे.

अनामिक_मावशी

मी येथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते, कारण ‘घरचे पैसे भरतात’ याचा अर्थ आमच्या घराने अनुभवला आहे. राज्याचे आणि गावाचे नाव लिहिणार नाही.

२०१७ साली माझ्या बहिणीच्या मुलाला अटक झाली. तो विद्यार्थी होता, आणि चार महिन्यांनी आरोप मागे घेण्यात आले. ते चार महिने तो काउंटीच्या तुरुंगात होता. बहीण आणि मेव्हणे भारतात होते, त्यामुळे फोन माझ्याकडे यायचा. आधी कार्डावरून पैसे भरायचे, भरल्याचे शुल्क वेगळे, मग कॉल जोडल्याचे वेगळे, मग मिनिटांचे वेगळे. पंधरा मिनिटे झाली की कॉल तुटायचा, आणि पुन्हा जोडला की जोडल्याचे शुल्क पुन्हा लागायचे. मी दुसऱ्या फोनवर बहिणीला लावून दोन्ही फोन समोरासमोर धरून ठेवायची. भारतात तेव्हा पहाट असायची. बहीण रडायला लागली की मी घड्याळ पाहायची, आणि तसे पाहिल्याची लाज मला आजही वाटते.

आम्हाला ते परवडले. माझ्याबरोबर भेटीच्या खोलीबाहेर बसणाऱ्या एक आजीबाई दर रविवारी यायच्या. त्या मला म्हणाल्या होत्या की या महिन्यात फोन घेतला तर विजेचे बिल राहील. त्यांच्या नातवाशी त्यांनी त्या महिन्यात फोनवर बोलणे बंद केले. पुढे मी वाचले की वॉशिंग्टनमधील मार्था राइट नावाच्या एका आजींनी, नातू तुरुंगात असताना, याच फोनदरांविरुद्ध २००० साली न्यायालयात दाद मागितली होती. त्या २०१५ मध्ये वारल्या. त्यांचे नाव असलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही जानेवारी २०२३ मध्ये झाली.

माझा भाचा तेथे असताना संगणकाच्या एका वर्गात जायचा. तो वर्ग चांगला होता असे तो सांगतो. तो वर्ग आमच्या फोनच्या पैशातून चालत असेल हे मला आज या धाग्यावर कळले. त्या आजीबाईंच्या पैशातूनही तो चालत असेल. मला वर्गाबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्याकडून तो पैसा घ्यायला नको होता.

माधव_फ्रेमाँट

मावशी, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. फोनच्या बाबतीत मी माझे मत बदलतो. तुरुंगातल्या माणसाला घरच्यांशी बोलण्यासाठी लागणारा पैसा हा महसुलाचा मार्ग असू नये. शिक्षणाच्या खर्चाबद्दलचे माझे प्रश्न अजून शिल्लक आहेत.

गुरुजी_नाशिक

मी निवृत्त शिक्षक आहे, आणि महाराष्ट्रातील एका मध्यवर्ती कारागृहात साक्षरतेचे वर्ग काही वर्षे घेतले आहेत, म्हणून थोडे लिहितो. आपल्याकडे कारागृहे राज्य सरकारच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे काउंटीसारखा प्रश्न जसाच्या तसा उद्भवत नाही. येथेही घरून मनीऑर्डर येते, ती बंद्याच्या खाती जमा होते आणि तो कँटीनमधून वस्तू घेतो. उच्च शिक्षणासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे काही कारागृहांत आहेत, आणि तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेले लोक मी पाहिले आहेत.

पण एक साम्य मला अस्वस्थ करते. भारतातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी साधारण तीन न्यायाधीन आहेत, आणि शिक्षण, काम, मजुरी, शिक्षेतील सूट ही सगळी रचना सिद्धदोष बंद्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. न्यायाधीन बंदी ‘आज ना उद्या सुटेल’ म्हणून त्याचे नाव वर्गाच्या यादीत शेवटी येते, आणि तो तीन-तीन वर्षे सुटत नाही. तुमच्याकडचा काउंटी तुरुंग म्हणजे बहुतांशी न्यायाधीन बंद्यांचाच तुरुंग दिसतो. ज्याची मुदत माहीत नाही अशा माणसाला काय आणि कसे शिकवायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि त्यावर तुमच्याकडे काही उपाय सापडला असेल तर तो मला जाणून घ्यायचा आहे.

ऋता_सॅनहोजे

गुरुजी, आपल्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर सॅन फ्रान्सिस्कोत सापडते. तेथील शेरीफच्या कार्यालयाने २००३ मध्ये काउंटी तुरुंगाच्या आत सनदी शाळा (सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र व्यवस्थापनाची शाळा) सुरू केली, तिचे नाव फाइव्ह कीज. देशातील तुरुंगातली ही पहिली सनदी हायस्कूल शाळा. पुढे तिने तुरुंगाबाहेरही वर्ग उघडले, त्यामुळे आत सुरू झालेला अभ्यास सुटकेनंतर त्याच शाळेत पुढे नेता येतो. मुदत माहीत नसलेल्या विद्यार्थ्यासाठी शाळाच दाराच्या दोन्ही बाजूंना असावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. शिवाय ती सनदी शाळा असल्यामुळे तिचा पैसा राज्याच्या शिक्षण खात्याकडून येतो, फोनच्या कमिशनवर अवलंबून राहत नाही.

माधवरावांचा प्रश्न ‘सर्वसाधारण निधी की कल्याण निधी’ असा होता. मी प्रौढ शिक्षणाच्या क्षेत्रात काम करते, आणि माझ्या मते या दोहोंखेरीजही मार्ग आहेत, ते पुरेसे वापरले जात नाहीत. तुरुंगातील प्रौढांना शिकवणाऱ्या शालेय जिल्ह्यांना राज्याकडून त्यासाठी वेगळी भरपाई मिळू शकते, पण ती आधी खर्च केल्यावर नंतर मिळते, त्यामुळे लहान जिल्हे पुढे येत नाहीत. केंद्राच्या २०१४ च्या मनुष्यबळविषयक कायद्यात प्रौढ शिक्षणाच्या रकमेपैकी २० टक्क्यांपर्यंतचा भाग तुरुंगांतील शिक्षणावर खर्च करण्याची राज्यांना मुभा आहे. ती कमाल मर्यादा आहे, किमान नाही, म्हणून कुणी मागितल्याशिवाय ती गाठली जात नाही. काही किरकोळ गुन्ह्यांची शिक्षा कमी करणाऱ्या २०१४ च्या प्रपोझिशन ४७ मुळे राज्याच्या तुरुंगांचा जो खर्च वाचतो, त्याचा ६५ टक्के भाग मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांना अनुदान म्हणून जातो. मात्र २०२४ मध्ये मतदारांनी त्या कायद्यातील काही भाग फिरवला आहे, तेव्हा पुढे ही बचत किती राहील हे पाहावे लागेल. आरोग्यासाठी कॅलिफोर्नियाला जानेवारी २०२३ मध्ये केंद्राकडून परवानगी मिळाली की सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांतल्या काही सेवा मेडिकेडमधून (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून) देता याव्यात, आणि अशी परवानगी मिळवणारे हे पहिले राज्य आहे. समुपदेशनाचा जो खर्च आज काही ठिकाणी कल्याण निधीवर पडतो, तो असा हलवला तर निधीत वर्गांसाठी जागा होते.

पेल अनुदानाबद्दल एक गैरसमज दूर करते. १९९४ च्या कायद्याने हे महाविद्यालयीन अनुदान केंद्राच्या आणि राज्यांच्या तुरुंगांतील लोकांसाठी बंद केले, आणि ते १ जुलै २०२३ पासून पुन्हा खुले झाले. स्थानिक तुरुंगांतील लोक त्या बंदीच्या शब्दांत मुळात नव्हतेच. पात्रता होती, पण अनिश्चित मुक्कामामुळे महाविद्यालये तेथे गेली नाहीत.

आता एक सावधगिरीची सूचना. जमा आटू लागली की कंपन्या टॅब्लेट घेऊन येतात. टॅब्लेट फुकट, त्यावर पुस्तके आणि धडे, काउंटीला खर्च शून्य. मग निरोप पाठवायला पैसे, चित्रपटाला मिनिटाप्रमाणे पैसे, काही ठिकाणी वाचनालाही मिनिटाप्रमाणे पैसे लागतात. घरच्यांकडूनच पैसा काढण्याचा तो नवा नळ असतो, आणि शिक्षकाची जागा त्याने भरून काढली असे कागदावर दिसते. टॅब्लेट शिक्षकाच्या हाताखाली असेल तर उपयोगी आहे, कारण जीईडी परीक्षा २०१४ पासून संगणकावरच घेतली जाते आणि माउस कधीही न धरलेल्या माणसाला सराव लागतो. पण करार करण्याआधी त्यातली दरांची पाने वाचायला हवीत.

श्रीरंग_जोग

ऋताताईंच्या शेवटच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. ‘काउंटीला खर्च शून्य’ हे शब्द कराराच्या पहिल्या पानावर दिसले की खर्च कुणाला आहे ते शोधत शेवटच्या पानापर्यंत जावे.

माधवरावांच्या कुंपणाविषयी थोडे. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये आपल्या तुरुंगांतील फोन विनामूल्य केले. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये तेच केले, आणि शिवाय कँटीनच्या किमतींवरील वाढही काढून टाकली. तेथे बुडालेल्या जमेची भरपाई शहराच्या अंदाजपत्रकातून केली गेली. सॅन दिएगो काउंटीने २०२१ मध्ये आणि लॉस एंजेलिस काउंटीने २०२३ मध्ये फोन विनामूल्य केले. मॅसॅच्युसेट्सने तर २०२३ मध्ये राज्याच्या आणि काउंटीच्या अशा दोन्ही तुरुंगांना लागू होणारा कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या विनामूल्य फोनच्या कायद्यातून मात्र काउंटी तुरुंग वगळले गेले, त्यामुळे येथे प्रत्येक काउंटीला आपापला निर्णय घ्यावा लागतो.

केंद्राच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. केंद्रीय दळणवळण आयोगाने जुलै २०२४ मध्ये देशभरासाठी नव्या मर्यादा ठरवल्या. मोठ्या तुरुंगांतून पंधरा मिनिटांच्या ज्या कॉलला ११ डॉलर ३५ सेंटपर्यंत पडत होते, तो ९० सेंटवर येणार होता. पण २०२५ मध्ये त्याच आयोगाने अंमलबजावणी पुढे ढकलली.

माझी सूचना अशी की कुंपण मोडू नये, ते हलवावे. पर्यवेक्षक मंडळ सर्वसाधारण निधीतून दिलेली रक्कम ‘तुरुंगातील शिक्षण’ या स्वतंत्र शीर्षाखाली ठेवू शकते, आणि त्या शीर्षातून इतरत्र रक्कम वळवायची असेल तर ती खुल्या बैठकीत मतदानाला यावी अशी अट घालू शकते. कायद्याइतके हे मजबूत नाही, पण गुपचूप कपात होणे त्यामुळे अवघड होते. कल्याण निधी राहू द्यावा, पण त्यातून पगार आणि देखभाल काढून घ्यावी, आणि फोनचा पैसा त्यात येऊच देऊ नये. मग तो लहान होईल, आणि लहानच असावा. ज्याच्या खात्यात काहीच नाही त्याला साबण, पाकिटे आणि तिकिटे, सुटकेच्या दिवशी बसचे भाडे, एवढ्यासाठी तो पुरेल.

माधव_फ्रेमाँट

स्वतंत्र शीर्ष आणि खुले मतदान असेल तर माझी हरकत राहत नाही. मात्र वर्गात किती लोक आले, किती तास शिकले, किती जणांनी एखादा विषय पूर्ण केला आणि किती वर्ग पहारेकरी नसल्यामुळे रद्द झाले, हे आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावेत. करदाता म्हणून मी पैसा द्यायला तयार असेन तर मला हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि सुमेधाताईंसारख्या शिक्षकांनाही त्याचा उपयोगच होईल.

सुमेधा (धागाकर्ती)

माधवराव, शेवटचा आकडा तुम्ही मागितलात याबद्दल तुमचे विशेष आभार मानते. गेल्या वर्षी आमचे जितके वर्ग पैशाअभावी गेले, त्याहून अधिक वर्ग विद्यार्थ्यांना बराकीतून आणायला पहारेकरी मोकळा नव्हता म्हणून गेले. शिक्षक आलेला, फळा पुसलेला, आणि दार उघडायला कुणी नाही. अंदाजपत्रकात शिक्षकाचे मानधन धरतात, पण वर्गापर्यंत विद्यार्थ्यांना आणणाऱ्या माणसाचे तास धरत नाहीत. श्रीरंगरावांच्या स्वतंत्र शीर्षात ते तासही असायला हवेत.

मी शेरीफच्या कार्यालयाकडे आणि पर्यवेक्षक मंडळाच्या कारकुनाकडे मागील तीन वर्षांचे बाबवार अहवाल लेखी मागितले आहेत. ते आले की पगाराची ओळ आणि वर्षअखेरीची शिल्लक येथे लिहीन. काउंटीचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणजे अंदाजपत्रकावरच्या सुनावण्या त्याआधी उरकतील. नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिच्यावर कोणत्याही नागरिकाला बोलता येते. आमच्या मंडळात प्रत्येकाला दोन मिनिटे मिळतात. मावशी, आपली हरकत नसेल तर आपण लिहिलेला मजकूर, नावाशिवाय, माझ्या दोन मिनिटांत मी वाचून दाखवीन.

अनामिक_मावशी

वाचा. त्या आजीबाईंचे विजेचे बिल तेवढे वगळू नका.